लिंबातले मीठ

मित्रांनो, मी जुना लाकडी कटोरा आहे. अमरावती शहराबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेला, शालिकराम माळ्याच्या घरात चुलीजवळच्या फळीवर माझी जागा आहे. जीवनकथा माझी आहे, पण तिच्यात माझ्यापेक्षा पार्बताबाई जास्त आहे. पार्बताबाई म्हणजे शालिकरामची बायको. एके दिवशी माझ्यासमोर एक गोष्ट घडली. ती पाहणारे तिघेच होते. एक जणी खोटे बोलली. दुसरी खरे बोलली, पण तिचे कोणी ऐकले नाही. तिसरा मी, आणि मला तोंड नाही.

माझे लाकूड इथले नाही. समुद्रापलीकडे, जिथे जैतुनाची झाडे खडकातून वर येतात, तिथे माझा जन्म झाला. एका सुताराने जुना बुंधा आतून कोरला, वाळूने घासला, तेल पाजले, आणि मी झालो. माझ्या अंगावर पिवळ्या आणि तपकिरी रेघा आहेत. त्या रंगाच्या नाहीत, लाकडाच्याच आहेत.

तिथे मी एका म्हातारीच्या घरी होतो. जर्मनच्या लढाईत तिच्या गावाबाहेर सरकारी खेचरांचा तळ पडला. खेचरे हाकणाऱ्यांत शालिकराम होता. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. लहानपणापासून त्याने मळ्यातच काम केले होते. म्हातारीच्या काकडीच्या वाफ्यात पाणी भलतीकडे जात आहे, हे त्याने येता-जाता पाहिले. भाषा येत नव्हती, म्हणून तो काही बोलला नाही. खाली बसला, हाताने माती ओढली आणि पाण्याचा दांड वळवून दिला. त्या दिवसापासून म्हातारी त्याला रोज जेवायला हाक मारू लागली.

तिच्याकडे खायला फार नव्हते. भाकर, काकडी, कांदा, लिंबू आणि भेदरे. तुमच्यापैकी काही जण भेदऱ्यांना टमाटर म्हणत असाल. ती हे सगळे बोटाच्या पेराएवढे चिरून माझ्यात टाकायची. पण त्याआधी ती रस्सा बनवायची, आणि सगळी कला त्या रश्शात होती. ती आधी माझ्या तळाशी लसणाची पाकळी मिठाबरोबर ठेचायची. त्यावर लिंबू पिळायची. मीठ पार विरघळेपर्यंत बोटाने फिरवायची. मग जैतुनाचे तेल थेंब थेंब सोडत लाकडी चमच्याने घोटत राहायची. तेल आणि लिंबू एकमेकांत मिसळून दुधासारखे पांढुरके झाले की भाज्या टाकायच्या, वर पुदिना तोडायचा, आणि लगेच खायला बसायचे. ठेवले की काकडीला पाणी सुटते. मीठ आधी आणि लिंबातच, हे तिने शालिकरामला तीन वेळा हात धरून दाखवले. तेलात मीठ विरघळत नाही, हे तिला भाषेशिवाय समजावायचे होते.

खेचरांचा तळ हलला तेव्हा तिने मला शालिकरामच्या हातात दिले. त्याच्या पिशवीतून मी बोटीत बसलो, मग आगगाडीत बसलो, आणि बडनेऱ्याला उतरलो.

घरी माझी फार थट्टा झाली. शेजारचे नत्थुजी मला उलटसुलट करून पाहू लागले. ते म्हणाले, "काय गा शालिक, लोकं लढाईवरून बिल्ले आनते, तू कटोरा आनला? भीक मांगत होता का तिकडं?"

"सैपाक शिकून आलो," शालिकराम म्हणाला.

"माय माय! मंग मी उद्यापासून लढाईवर जातो अन् तुमी चुलीपाशी बसा," पार्बताबाई आतून म्हणाली. तिचे हसणे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. ते मोठे होते. घराबाहेर ऐकू जाई.

त्याच संध्याकाळी शालिकरामने चिरायला घेतले. जैतुनाचे तेल इथे दवाखान्यात औषधाच्या बाटलीत मिळे, म्हणून त्याने घाण्यावरचे तिळाचे तेल घेतले. पार्बताबाई गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत बसली. तिने पहिला घास खाल्ला. तिने कटोरा आपल्याकडे ओढला. दुसऱ्या दिवसापासून मी तिचा झालो.

तिने त्यात बदल केले. पुदिन्याबरोबर कोथिंबीर घातली, जिला आपल्याकडे सांबार म्हणतात. म्हातारी खारवलेली जैतुनाची फळे टाकायची. पार्बताबाईने त्याऐवजी खारातल्या आवळ्याच्या फोडी टाकल्या. शालिकराम म्हणाला, "तिकडं असं नाही करत." ती म्हणाली, "तिकडं मी नव्हती ना."

मित्रांनो, ती दहा वर्षे माझ्या सुखाची होती. जेवण झाले की पार्बताबाई मला कोरड्या फडक्याने पुसायची. पाण्यात कधी बुडवले नाही. दर पंधरा दिवसांनी हातावर तेल घेऊन मला आतून-बाहेरून चोळायची. त्यांना शकुन नावाची मुलगी झाली. ती उभी राहायला लागली तेव्हा माझा काठ धरून उभी राहिली. त्यांच्या मळ्यात भेदरे चांगले येत, पण त्या काळी पुष्कळ लोक भेदरे खात नसत. रंग रक्तासारखा दिसतो म्हणत. पार्बताबाई टोपले डोक्यावर घेऊन शहरातल्या राजापेठेत दारोदार जायची, तेव्हा सोबत मलाही न्यायची. दोन भेदरे, एक काकडी तिथेच चिरून ओसरीवर चव दाखवायची. हळूहळू तिचे टोपले दुपारच्या आत रिकामे होऊ लागले.

राजापेठेत बापूसाहेब वकिलांचे घर होते. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई तापातून उठल्या होत्या, आणि त्यांना अन्नावर वासना नव्हती. डॉक्टरांनी कच्च्या भाज्या खायला सांगितल्या. पार्बताबाईने परसात बसून काकडी चिरली आणि अनसूयाबाई दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवल्या. तेव्हापासून पार्बताबाई रोज त्यांच्या परसात थोडा वेळ बसू लागली.

इथे मी तुम्हाला एक रीत सांगितली पाहिजे. त्या काळी मोठ्या घरांत कच्ची भाजी, फळे कोणाच्याही हातची चालत. पण त्यात मीठ पडले की ते शिजवल्यासारखे अन्न झाले, असे मानत. मग ते दुसऱ्या जातीच्या हातचे चालत नसे. म्हणून दोघींनी वाटणी केली होती. चिरणे, लिंबू, तेल, घोटणे पार्बताबाईचे. मग अनसूयाबाई ते सगळे आपल्या पितळी वाटीत काढून घेत आणि वरून आपल्या हाताने मीठ भुरभुरत. त्या घरी लसूणही चालत नव्हता, म्हणून आल्याचा रस असे. असे दीड वर्ष चालले. दोघी बोलत बसत. एकीच्या सासूबाई कडक होत्या, दुसरीला सासू नव्हती. दोघींचे एक एक मूल लहानपणी गेले होते. त्याविषयी त्या फार बोलत नसत, पण दोघींनाही माहीत होते.

माघ महिन्यातल्या एका सकाळी अनसूयाबाई खाता खाता थांबल्या.

"पार्बता, तू घरी अशीच करतेस का गं? मीठ असं वरून?"

"नाही बाई. मीठ पहिले लिंबात घालावं लागते. मंग तेल. तुमी वरून टाकता म्हनून दाताखाली कचकच येते."

"दीड वर्ष झालं, आणि आज सांगतेस?"

"सांगून काय करतो बाई? मीठ मी घातलं तं तुमाले चालन का?"

अनसूयाबाईंनी मागे वळून दाराकडे पाहिले. घरात सामसूम होती. सासूबाई देवघरात होत्या.

"आज तसं करून दे. तुझ्या घरच्यासारखं," त्या म्हणाल्या.

"बाई, इचार करा."

"मी सांगते आहे ना? थांब."

त्या आत गेल्या आणि मूठ मिटून बाहेर आल्या. पार्बताबाईने दोन्ही तळहात पुढे केले. अनसूयाबाईंनी वरून मूठ सोडली. मीठ तळहातावर पडले. ते मी पाहिले, मित्रांनो. माझ्या काठापासून ते वीतभर लांब होते.

पार्बताबाईने मीठ लिंबात घातले, विरघळवले, तेल सोडले, घोटले. त्या दिवशी अनसूयाबाईंनी वाटी आणलीच नाही. दोघी माझ्यातूनच खाऊ लागल्या.

"अगं, हे तर निराळंच लागतं!"

"माह्या नवऱ्यानं लढाईवरून हेच जिंकून आनलं," पार्बताबाई म्हणाली. दोघी हसल्या. पार्बताबाईचे हसणे मोठे होते, हे मी सांगितलेच आहे.

ते हसणे ऐकूनच सासूबाई परसात आल्या असाव्यात. त्या घरात त्यांना थोरल्या बाई म्हणत. त्यांच्या मागे मोरोपंत भटजी होते. ते थोरल्या बाईंच्या नातवाच्या मुंजीचा मुहूर्त सांगायला आले होते आणि पाय धुवायला विहिरीकडे निघाले होते.

"अनसूया, कशातून खातेस?" थोरल्या बाईंनी विचारले.

थोरल्या बाई जवळ आल्या, वाकल्या. माझ्या काठाला मिठाचा एक खडा चिकटून राहिला होता.

"मीठ कोणी घातलं?"

अनसूयाबाईंचा चेहरा उतरला. मग त्या म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. मी आत गेले होते. हिनेच घातलं असेल."

"न विचारता?"

"मी काही सांगितलं नाही."

पार्बताबाई उठून उभी राहिली. "बाई! तुमीच तं देलं मीठ! माह्या हातावर सोडलं अशी मूठ धरून. सांगा ना, बाई."

अनसूयाबाई जमिनीकडे बघत होत्या.

"म्हणजे मिठाला हात लावला, हे कबूल," मोरोपंत म्हणाले.

"इतकी वर्षं दारात येऊ दिलं, त्याचे हे पांग फेडलेस?" थोरल्या बाई म्हणाल्या. "घराला धर्म आहे आमच्या. आता मुंज ठरते आहे."

मोरोपंतांनी माझ्याकडे बोट दाखवले. "भांडं लाकडाचं आहे. तांब्या-पितळेचं असतं तर राखेनं घासून चाललं असतं. लाकूड शुद्ध होत नाही. बंबात घाला."

मी आयुष्यात एकदाच घाबरलो, ते तेव्हा. पण पार्बताबाईने मला उचलले. माझ्यात अर्धी कोशिंबीर तशीच होती. तिने मला पदराखाली घेतले, टोपले डोक्यावर ठेवले आणि मागच्या दाराने निघाली. दारात ती एकदा थांबली. मला वाटले, अनसूयाबाई आता हाक मारतील. पार्बताबाईलाही तेच वाटले असेल. मग ती चालू लागली.

घरी तिने शालिकरामला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले. तो मोटेचा दोर सांधत होता. ऐकून तो म्हणाला, "बरं झालं, कटोरा वाचला." मला त्या बोलण्याचा आनंद झाला नाही.

पुढचे आठ-दहा दिवस पार्बताबाई नेहमीसारखी राजापेठेत गेली. कोणी भांडले नाही. खिडकीतून फक्त "आज नको" असे म्हणत. दुसऱ्या दिवशी पुन्हा "आज नको". एका घरातली सून हळूच म्हणाली, "पार्बता, तू वकिलांकडे न विचारता मीठ घातलंस म्हणतात. खरं का गं?" पार्बताबाई म्हणाली, "अनसूयाबाईले इचारा." सून म्हणाली, "त्यांनीच तर सांगितलं." टोपले जसे जाई तसे परत येऊ लागले. भेदरे मळ्यात पिकून फुटू लागले.

एका संध्याकाळी शालिकराम धुतलेले धोतर नेसून बाहेर गेला आणि अंधार पडायच्या आत परतला. जेवायला बसल्यावर म्हणाला, "मिटलं आता. बापूसायबाकडं जाऊन आलो."

"कायले?"

"हात जोडले. म्हनलं, सायेब, बाईची चूक झाली, पदरात घ्या. भले मानूस आहे. म्हनले, तू येत जा भाजी घेऊन, तिले पाठवू नको."

पार्बताबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "कोनाची चूक?"

"अवं, असंच बोलावं लागते. त्यायच्या दारात उभं राहाचं आहे आपल्याले."

"माही चूक झाली, असं तुमी माह्या नावानं सांगून आले?"

"मंग काय भांडू वकिलासंग?"

"भांडा म्हनत नाही मी. तुमाले काय वाटते ते सांगा. मी घातलं का न इचारता?"

शालिकरामने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "मोठ्या घरची बाई. ते खोटं कायले बोलन? तुह्या हातून गेलं असन, सवयीनं. घरी घालतंच ना रोज. ध्यानात नसन राह्यलं."

"माह्या ध्यानात आहे सगळं," पार्बताबाई म्हणाली. "तुमच्याच ध्यानात मी नाही राह्यली."

ती ओरडली नाही. रडलीही नाही. तव्यावरची भाकरी तिने उलटली, भाजली, त्याला वाढली. मग मला उचलले, रिकामे होते तरी फडक्याने पुसले, आणि फळीवर पालथे घातले.

त्यानंतर तिने ती कोशिंबीर कधी केली नाही. राजापेठेत शालिकराम जाऊ लागला. दारे उघडली. लोक म्हणत, शालिकराम सरळ माणूस आहे, बायकोची चूक कबूल केली त्याने. मित्रांनो, हे वाक्य लक्षात घ्या. तोवर एकट्या अनसूयाबाईंचे बोलणे होते. शालिकरामने हात जोडले, आणि ते सगळ्या गावाला खरे झाले. घरच्या माणसानेच कबूल केल्यावर बाहेरच्याला शंका कशाला येईल?

मला पार्बताबाईचा राग येई. मी तर तिच्या बाजूचा होतो. मग मला का पालथे घातले? माझ्यावर धूळ बसली. पुढे शालिकरामने मला सरळ करून माझ्यात भेदऱ्याचे बी ठेवले. तेल मिळाले नाही तर लाकूड तहानते. दोन उन्हाळे गेल्यावर माझ्या काठापासून खाली एक चीर गेली. चीर जाताना बारीक आवाज होतो. पार्बताबाईने तो ऐकला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा धान्य निवडू लागली. तेव्हा माझा राग गेला. मला हातात घेतले तर तिला ती सकाळ पुन्हा हातात घ्यावी लागली असती.

ते घर तसे चांगलेच चालले होते. शालिकराम तिला मारत नव्हता, पीत नव्हता. बाजारातून बांगड्या आणायचा. ती घालायची. तो काही विचारी, ती उत्तर देई. फक्त तिचे ते मोठे हसणे मी पुन्हा ऐकले नाही. शालिकरामला ते हसणे गेल्याचे कळलेच नाही. घरातला आवाज हळूहळू कमी झाला की लोक म्हणतात, वय झाले.

तिसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता तिला हिवताप आला. कोयनेलच्या गोळ्या झाल्या, काढे झाले. एकविसाव्या दिवशी दुपारी ताप उतरला आणि ती शुद्धीवर आली. शालिकराम उशाशी बसून तिच्या कपाळावर ओले फडके ठेवत होता. त्याचे तिच्यावर प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. होते.

ती म्हणाली, "अवो, एक इचारू?"

"बोल ना."

"आतातरी सांगा. ते मीठ मी घातलं होतं का न इचारता? तुमाले काय वाटते?"

शालिकराम म्हणाला, "जाऊ दे ना आता. कायले काढतं जुनं? मी कधीचंच माफ केलं."

पार्बताबाईने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले. मग तिने तोंड भिंतीकडे केले. पुढे ती बोलली असेल तर पाणी मागायलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिला जाऊन तीन महिने झाले होते. एका सकाळी मळ्याच्या फाटकाशी टांगा थांबला. त्यातून अनसूयाबाई उतरल्या. बापूसाहेबांनी वकिली अकोल्याला नेली होती आणि ती मंडळी दोन वर्षे तिथल्या जठारपेठेत राहत होती. अनसूयाबाईंचे केस बरेच पांढरे झाले होते. शालिकराम धावत गेला, ओसरीवर घोंगडी टाकली.

"बसत नाही. पार्बता कुठे आहे? हाक मार तिला," अनसूयाबाई म्हणाल्या.

शालिकराम घोंगडीच्या सुरकुत्या काढू लागला.

"माझ्यावर रागावली असेल. रागावू दे. तरी हाक मार. थोरल्या बाई मागच्या महिन्यात गेल्या. आता मला कोणाची भीती नाही. मला तिला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुझ्यासमोर सांगायची आहे."

"बाई, ते नाही आता," शालिकराम म्हणाला. "कुवार म्हैन्यात गेली."

अनसूयाबाई ओसरीच्या कडेला बसल्या. घोंगडीवर नाही, खाली मातीतच बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी सांगितले. मूठ त्यांचीच होती. मीठ त्यांनीच आणले, त्यांनीच सोडले, त्यांनीच घालायला लावले. त्या म्हणाल्या, "मी घाबरले. मला वाटलं, आज वेळ मारून नेऊ, उद्या तिची समजूत घालू. मग तू येऊन हात जोडलेस. तू हात जोडलेस तेव्हा मी दाराआड उभी होते. मला वाटलं, हा हिचा नवरा, हाच कबूल करतो, तर आता मी कशाला तोंड उघडू?"

शालिकरामने भिंत धरली. तो म्हणाला, "मले सांगून काय करता बाई? मी तं तुमचंच खरं मानलं. माह्या पोरीले सांगा. तिच्या मायचं नाव सगळ्या गावात खराब झालं. शकुन! इकडं ये व."

शकुन आतच होती. ती बारा वर्षांची झाली होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"पोरी, तुह्या मायनं मीठ घातलं नव्हतं न इचारता. या बाईनंच देलं होतं. आईक यायच्या तोंडून," शालिकराम म्हणाला.

"मले मालूम आहे," शकुन म्हणाली.

"तुले कोनं सांगतलं?"

"मायनं. मी इचारलं होतं तिले. तेव्हाच, त्याच हप्त्यात. तिनं सगळं सांगतलं. मले खरं वाटलं." मग ती शालिकरामकडे वळली. "बाबा, तुमी तिले इचारलंच नाही कधी. तुमी सांगतच राह्यले."

अनसूयाबाई उठल्या. त्या त्याच टांग्याने राजापेठेत गेल्या आणि घरोघर फिरल्या, हे मला मागून कळले. काही जणींनी ऐकून घेतले. काही जणी म्हणाल्या, जाऊ द्या, ती बिचारी तर गेली. अनसूयाबाईंनी आपले काम केले, पण ज्या कानांसाठी ते होते ते कान उरले नव्हते.

शालिकरामने मला फळीवरून काढले. बी एका फडक्यात ओतले. मांडीवर घेऊन तो मला तेल चोळत बसला, दुपारपासून दिवस बुडेपर्यंत. लाकूड तेल प्यायले, रेघा पुन्हा दिसू लागल्या. चीर मात्र तशीच राहिली. तेल तिच्यातून खाली गळत होते आणि त्याच्या धोतरावर पडत होते. तो ते पुसत नव्हता.

आता शकुन मला वापरते. माझ्यात रस्सा राहत नाही, म्हणून ती माझ्यात कांदे ठेवते. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात लाकडाचे भांडे असेल तर त्याला पाण्यात बुडवून ठेवू नका, उन्हात टाकू नका. महिन्यातून दोनदा तेलाचा हात फिरवा. फार काम नाही. आणि घरातले कोणी तुम्हाला म्हणाले की हे मी केले नाही, तर लगेच मिटवायला धावू नका. समोर बसा. विचारा. जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. समोरचे घर मोठे आहे म्हणून आपल्या घरचे माणूस खोटे ठरवू नका. ज्याने अपराध केला नाही त्याला माफही करू नका. त्या माफीने पार्बताबाईला तापापेक्षा जास्त मारले.

शालिकरामला विचारायला तीन वर्षे होती. रोज संध्याकाळी ती त्याच्यासमोर बसून त्याला वाढत होती.